नवा रस्ता आणि जुने गाव

रस्ता हवा की नको, असा प्रश्न मराठवाड्यातील माणसाला विचारला तर तो विचारणाऱ्याकडेच संशयाने पाहील. त्याचा अनुभव तसा आहे. निजामी अमलात हा मुलूख हैदराबादपासून दूर होता. १९५६ साली द्वैभाषिकात आला, १९६० साली महाराष्ट्रात आला, तेव्हाही राजधानीपासून दूरच राहिला. पावसाळ्यात काळ्या मातीतील पांदण गुडघाभर चिखलाची होते. आजाऱ्याला बाजेवर घालून डांबरी सडकेपर्यंत आणावे लागल्याच्या आठवणी घरोघरी आहेत. तेव्हा आजच्या विषयात रस्त्याविरुद्ध फिर्याद मांडलेली नाही, हे श्रोत्यांनी आधीच लक्षात घ्यावे. रस्ता हवाच आहे. प्रश्न आहे तो रस्ता कुठून न्यावा, किती रुंद करावा आणि कुठे थांबवावा, एवढाच. परंतु हा ‘एवढाच’ प्रश्न फार थोड्या दिवसांत आणि फार थोड्या माणसांकडून सोडवला जातो, आणि त्याचे उत्तर मात्र पुढे अनेक पिढ्या भोगतात.

घर पाडून पुन्हा बांधता येते, पीक दरवर्षी बदलता येते. रस्त्याचे तसे नाही. तो एकदा पडला की त्याच्या कडेने दुकाने येतात, बाजार येतो, जमिनीचे भाव बदलतात, आणि मग तो हलवणे कुणाच्याच हाती राहत नाही. लातूरच्या गंजगोलाईचेच पाहा. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी आखलेला तो वर्तुळाकार चौक. त्याच्या मध्यावरची इमारत १९१७ सालची. गोलाईला येऊन मिळणाऱ्या सोळा रस्त्यांनी लातूरच्या व्यापाराला जे वळण लावले, ते राज्य बदलले, जिल्हा बदलला, १९८२ साली लातूर स्वतः जिल्ह्याचे ठिकाण झाले, तरी पुसले गेले नाही. उलट बाजूचे उदाहरणही याच जिल्ह्यात सापडते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबाद भागातील ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. तेथे रुंद, सरळ, काटकोनात छेदणारे रस्ते आखले. ढिगाऱ्याखाली माणसे गेलेली असताना अरुंद बोळांची भीती वाटावी, हे स्वाभाविकच होते. परंतु त्या रुंदीने गाव इतके पसरले की शेजार तुटला, ओसरीवरून ओसरीवर बोलणे संपले, आणि शेत व घर यांमधील अंतर वाढले. रस्त्याची रुंदी ही नुसती अभियंत्याची बाब नसते. माणसे एकमेकांपासून किती अंतरावर राहणार, हेही ती ठरवते.

आता नव्या रस्त्याने नेमके काय जाते, ते पाहू. पहिली गोष्ट अर्थात जमीन, आणि तिचा हिशेब सोपा आहे. गावाला जोडणारा साधा रस्ता १२ मीटर रुंदीच्या पट्ट्यात बसवला, तर एका किलोमीटरला तीन एकर जमीन लागते. १०० मीटर रुंदीच्या पट्ट्यातून द्रुतगती मार्ग नेला, तर त्याच एका किलोमीटरला सुमारे २५ एकर लागते. हा भेद लहान नाही. पाच-सहा एकरांचे खाते असलेल्या गावात दुसऱ्या प्रकारचा रस्ता प्रत्येक किलोमीटरला चार-पाच कुटुंबांची सगळी जमीन घेऊन जातो. शिवाय शेत मधोमध तुटले तर विहीर एका बाजूला आणि पीक दुसऱ्या बाजूला राहते. मोबदला मिळतो तो गेलेल्या गुंठ्यांचा. उरलेल्या तुकड्याकडे बैल किंवा ट्रॅक्टर घेऊन जायला रोज किती वळसा पडणार, हे मात्र त्या हिशेबात क्वचितच धरले जाते.

दुसरी गोष्ट पाण्याची. आपल्याकडील काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की भेगाळते. म्हणून अशा मातीवर रस्ता करताना ती माती काढून मुरूम घालावा लागतो, किंवा भराव घालून रस्ता उंच करावा लागतो. भराव घातला की तो नुसता रस्ता राहत नाही. तो मैलोगणती लांबीचा बांध होतो. मांजरा, तेरणा, मन्याड, लेंडी, आसना या नद्यांच्या खोऱ्यांत जमीन सपाट आहे, आणि मोठ्या पावसात पाणी ओढ्यातून वाहते तसेच शेतांवरून पसरूनही वाहते. आराखड्यावर जेथे ओढ्याची निळी रेघ दिसते तेथे मोरी बांधली जाते. पसरून वाहणाऱ्या पाण्याची रेघ मात्र नकाशावर नसते. मग वरच्या अंगाची शिवारे तुंबतात आणि खालच्या अंगाच्या विहिरींना पूर्वीइतके पाझर लागत नाहीत. एकाच रस्त्याने अतिवृष्टी आणि अवर्षण ही दोन्ही गाऱ्हाणी वाढावीत, हे ऐकायला चमत्कारिक वाटते. पण ज्या लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, तेथील नागरिकांना पाझराचे मोल निराळे सांगायला नको.

तिसरी गोष्ट झाडांची. लातूर जिल्ह्यात वनक्षेत्र एक टक्क्याहूनही कमी आहे. ज्या जिल्ह्यात जंगल आहे, तेथे सडकेची झाडे गेली तर शोभा गेली असे म्हणता येईल. ज्या जिल्ह्यात जंगल जवळजवळ नाहीच, तेथे सडकेकडेचे वड, पिंपळ, चिंच आणि कडुनिंब, बांधावरची आंब्या-बाभळीची रांग, देवळाभोवतीची चार झाडे आणि चाकूर तालुक्यातील वडवळ नागनाथाचे औषधी वनस्पतींचे बेट, एवढेच काय ते जंगल होय. एका वडाच्या बदल्यात दहा रोपे लावण्याची अट कागदावर उदार दिसते. दहा रोपांना चार उन्हाळे पाणी कोण घालणार, हा प्रश्न त्या कागदावर नसतो.

झाड वाचवले असे म्हणण्यातही एक मेख आहे. सांगली जिल्ह्यात, मिरज तालुक्यातील भोसे येथे रत्नागिरी-सोलापूर महामार्गाच्या वाटेत एक वड येत होता. लोक त्याचे वय चारशे वर्षे सांगत. २०२० साली लोकांनी आवाज उठवला, राज्याच्या पर्यावरणमंत्र्यांनी केंद्राला पत्र लिहिले, आणि रस्त्याच्या आखणीत बदल करून वड राखला गेला. आखणी बदलता येते, याचे हे चांगले उदाहरण आहे. पुढे २०२२ साली तो वड कोसळला. त्याचे कारण येथे ठरवण्याचे प्रयोजन नाही. पण वनस्पतिशास्त्र एवढे निश्चित सांगते की मोठ्या झाडाची मुळे त्याच्या पानांच्या घेराबाहेरही पसरलेली असतात. बुंधा राखला आणि भोवतीची माती खणली वा दाबली, तर झाड राखले असे होत नाही. जुन्या वास्तूंचेही नेमके असेच आहे, म्हणून हा दाखला येथे घेतला.

चौथी गोष्ट इतिहासाची, आणि ती मोजायला सर्वांत अवघड. नांदेड-लातूर हा दगडात इतिहास सांभाळणारा मुलूख आहे. राष्ट्रकूटांच्या वैभवाचे कंधार, तेथील किल्ला आणि जगत्तुंग सागर, देगलूर तालुक्यातील होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे, निलंग्याचे नीलकंठेश्वर, औशाचा भुईकोट, ज्या परिसरात १७६० साली सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवले तो उदगीरचा किल्ला, जांभ्या दगडात कोरलेली खरोशाची लेणी, आणि उत्तरेला माहूरचा गड. ही झाली नावाजलेली स्थळे. यांच्यासाठी कायदा आहे. परंतु ज्यांची नावे कोणत्याही यादीत नाहीत अशा वस्तू किती! शेताच्या बांधावरचे वीरगळ, पायऱ्यांची बारव, मोडकी वेस, चिंचेखालची सती, पांढरीच्या टेकाडातील खापरे. लातूरपासून फार दूर नसलेल्या तेर गावात, म्हणजे प्राचीन तगर येथे, जमिनीतून केवढे वैभव निघाले ते सर्वांना ठाऊक आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवृत्तात पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याची नोंद आहे, आणि तेथला माल रस्ते नसलेल्या मोठ्या प्रदेशातून गाड्यांवर लादून भडोचला जाई, असेही त्यात म्हटले आहे. रस्त्यांची आपली तक्रार किती जुनी आहे, हेही त्यावरून कळते!

कायद्याचे संरक्षण कुठवर पोहोचते? केंद्र सरकारने संरक्षित केलेल्या स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामास बंदी आणि त्यापुढे आणखी २०० मीटरपर्यंत परवानगीची अट, ही तरतूद १९५८ च्या कायद्यात २०१० साली घातली गेली. राज्याच्या संरक्षित स्मारकांसाठी १९६० चा निराळा कायदा आहे. पण बारवेला आणि वीरगळाला यांतील कोणताच कायदा आपोआप लागू पडत नाही. त्यांचे रक्षण व्हायचे ते मोजणीदार येण्याआधी गावाने त्यांची नोंद केली तरच.

येथे नांदेड शहराचा दाखला घ्यावा लागेल, कारण प्रवेशमार्ग आणि वारसा यांचा सामना आपल्या भागात इतक्या मोठ्या प्रमाणावर दुसरीकडे क्वचितच झाला असेल. १७०८ साली गुरू गोविंदसिंगजींनी गोदातीरी देह ठेवला. ग्रंथसाहिबाला गुरुपद दिले ते याच ठिकाणी. आजचा गुरुद्वारा महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवला. भोवती जुने नांदेड दाटीने वाढले. २००८ च्या ऑक्टोबरअखेरीस गुरु-ता-गद्दीची त्रिशताब्दी आली, आणि देशविदेशांतून लाखो यात्रेकरू येणार हे दिसत असल्यामुळे शहराकडे निधीचा ओघ सुरू झाला. नागरी पुनरुत्थानाच्या राष्ट्रीय योजनेत नांदेडचा समावेश झाला होता. रस्ते रुंद झाले, पदपथ आले, घाट बांधले गेले, विमानतळ सजला. गुरुद्वाऱ्याभोवतीची जागा मोकळी करण्यासाठी जुनी घरे आणि दुकाने हलवली गेली.

याचे मूल्यमापन एका शब्दात करता येणार नाही. यात्रेकरूंची सोय झाली, पायी चालणाऱ्याला शहरात जागा मिळाली. हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु जुन्या वस्तीच्या दाटीतून चालत येऊन एकाएकी सोन्याचा कळस दिसावा, हा जो अनुभव होता, तो रुंद रस्त्याने दुरूनच उघडा पाडला. त्या गल्ल्यांतील व्यवहार यात्रेकरूंवरच चालत होता. दुकान हलले म्हणजे नुसत्या चार भिंती हलत नाहीत, गिऱ्हाईक तुटते. माझ्या मते खरी अडचण होती ती तारखेची. काम अमुक दिवशी पुरे झालेच पाहिजे असे ठरले की पर्याय शोधायला उसंत राहत नाही. रुंद करा आणि पाडा, हाच पर्याय सर्वांत वेगाने उरकतो. वास्तविक त्रिशताब्दीची तारीख तीनशे वर्षे आधीपासून ठाऊक असते. पण आपली योजनाबुद्धी साधारणतः शेवटच्या तीन वर्षांत जागी होते.

याहून निराळी रीत मराठवाड्यातच पाहायला मिळते, ती अजिंठ्याला. तेथे लेण्यांच्या तोंडापर्यंत मोटारी नेण्याचे बंद करून फर्दापूरच्या फाट्यावर, सुमारे चार किलोमीटर अलीकडे, वाहने थांबवली जातात, आणि पुढे ठरावीक बसगाड्यांनी प्रवासी नेले जातात. धूर, कर्णे, टपऱ्या आणि वाहनतळ हे सगळे चार किलोमीटर दूर राहते. येथे रस्त्याची रुंदी वाढवून प्रश्न सुटला नाही. रस्ता कुठे संपवायचा हे ठरवून सुटला. माहूर, खरोसा, होट्टल अशा स्थळांसाठी ‘थेट पायरीपर्यंत गाडी’ अशी मागणी केली जाते, तेव्हा हे उदाहरण आठवावे. म्हाताऱ्या-अपंगांची सोय ठरावीक गाड्यांनी होते. त्यासाठी प्रत्येकाची गाडी वर जाण्याची गरज नाही.

मग आखणी करावी कशी? यासाठी एक पद्धत आहे आणि ती कुणालाही समजण्याजोगी आहे. अमेरिकेत इयान मॅकहार्ग नावाचे एक भूदृश्य-रचनाकार होऊन गेले. न्यूयॉर्कच्या स्टेटन बेटावर रिचमंड पार्कवे नावाचा रस्ता न्यायचा होता, तेव्हा त्यांनी नेहमीचा प्रश्न उलटा केला. सर्वांत आखूड वाट कोणती असे न विचारता, कोणत्या वाटेने सर्वांत कमी नासाडी होईल असे त्यांनी विचारले. त्यासाठी त्यांनी पारदर्शक कागदांवर निरनिराळे नकाशे काढले: एकावर चढ-उतार, एकावर पाण्याचा निचरा, एकावर झाडी, एकावर ऐतिहासिक स्थळे, एकावर वस्ती. जेथे हानी जास्त तेथे गडद छटा, जेथे कमी तेथे फिकट. सगळे कागद एकावर एक ठेवून खालून उजेड पाडला की फिकट राहिलेल्या पट्ट्यांतून वाट आपसूक दिसू लागते. १९६९ साली त्यांनी ही रीत ग्रंथातून मांडली. आज संगणकावर जे नकाशांचे थर रचतात, त्यांच्या मुळाशी ही पारदर्शक कागदांची कल्पना आहे.

समजा, खरोशाच्या लेण्यांकडे मोठ्या वाहनांसाठी नवा रस्ता काढायचे ठरले. पहिल्या कागदावर टेकडीचा चढ येईल. तीव्र चढावर रस्ता न्यायचा तर डोंगर फोडावा लागेल, आणि सुरुंगाचे हादरे दीड हजार वर्षांच्या जांभ्या दगडातील कोरीव कामाला सोसणारे नाहीत. म्हणून तो भाग गडद. दुसऱ्या कागदावर ओढे, पाझर आणि विहिरी. तिसऱ्यावर मातीची खोली. खोल काळ्या जमिनीत रस्ता महाग पडतो आणि पीकही अधिक बुडते. चौथ्यावर झाडे. पाचव्यावर लेणी, आणि त्यांच्यासोबत पायथ्याच्या गावातील ती सगळी यादीबाहेरची स्थळे. सहाव्यावर घरे आणि खाती. खडी कुठून आणणार, ती खाण कुठे, हाही एक कागद हवा. कारण रस्ता जेवढी जमीन घेतो तिच्यापलीकडे एखादी टेकडीही पोखरून नेतो, आणि ती टेकडी नकाशात रस्त्यापासून दहा मैल दूर असल्यामुळे तिची आठवण कुणाला होत नाही.

ही पद्धत उत्तम आहे, पण तिच्यात एक फसगत दडलेली आहे. छटा कोण देतो, यावर सगळे अवलंबून असते. बागायत जमिनीला मोल जास्त, म्हणून ती गडद; गायरान सरकारी, मोबदला द्यावा लागत नाही, म्हणून ते फिकट. मग रस्ता आपोआप गायरानातून जातो. परंतु मराठवाड्यातील गायराने मोकळी नाहीत. भूमिहीन कुटुंबे, त्यांतही बहुतांश दलित, ती वर्षानुवर्षे कसत आली आहेत. ती जमीन नावावर व्हावी म्हणून येथे मोठे लढे झाले आहेत. ज्यांचे नाव सातबाऱ्यावर नाही त्यांचे घर नकाशावर फिकट दिसते. हीच गोष्ट इतिहासाची. मोठ्या राजाचा किल्ला गडद, आणि एखाद्या पालावरच्या लोकांचे ठाणे, दर्ग्याची वाट, स्मशान फिकट. म्हणून छटा देण्याचे काम केवळ कचेरीत होऊ नये; गावात, शक्य तर शिवारात उभे राहून, म्हाताऱ्याकोताऱ्यांना सोबत घेऊन व्हावे. कुठले शेत मृगाच्या पहिल्या पावसात तुंबते, हे उपग्रहाच्या छायाचित्रापेक्षा तेथे नांगर धरलेल्या माणसाला जास्त नेमके ठाऊक असते. आणि विहीर व मंदिर, चिंच व शाळा यांची एका तागडीत बेरीज करता येत नाही, हे प्रांजळपणे मान्य करून निवड कोणत्या कारणाने केली ते लिहून ठेवावे. आकड्यांच्या आड निर्णय लपवू नये.

हा विचार निव्वळ पुस्तकी राहू नये म्हणून शक्तिपीठ महामार्गाकडे वळू. वर्धा जिल्ह्यातील पवनारपासून गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीपर्यंत सुमारे ८०२ किलोमीटरचा हा द्रुतगती मार्ग बारा जिल्ह्यांतून आखला गेला. नांदेड आणि लातूर त्यांत आहेत. माहूर, तुळजापूर आणि कोल्हापूर ही शक्तिपीठे, औंढा नागनाथ आणि परळी ही ज्योतिर्लिंगे, नांदेडचा गुरुद्वारा, पंढरपूर अशी स्थळे जोडणे हे त्याचे सांगितलेले प्रयोजन. म्हणजे हा एका अर्थाने देवस्थानांचा प्रवेशमार्गच होय. २०२४ च्या आरंभी भूसंपादनाची पावले पडू लागताच विरोध सुरू झाला. कोल्हापूर भागात तो इतका तीव्र होता की त्याच वर्षी तेथील अधिसूचना मागे घ्यावी लागली. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने भूसंपादनासाठी व आखणीसाठी २०,७८७ कोटी रुपयांच्या तरतुदीला मान्यता दिली, आणि पुढे आखणीत फेरबदलाची भाषाही झाली. नांदेड जिल्ह्यात अर्धापूरच्या बाजूला इसापूर धरणाच्या पाण्यावर केळी आणि हळद पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनीही हरकत घेतली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, नागपूर-रत्नागिरी हा राष्ट्रीय महामार्ग नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर, कोल्हापूर याच दिशेने जातो, आणि तो चौपदरी करण्यावर अलीकडेच मोठा खर्च झाला आहे. मग समांतर नवा मार्ग कशासाठी?

हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर ‘होय’ असेल किंवा ‘नाही’ असेल. पण ते द्यायचे तर दोन्ही मार्गांची तुलना समोर ठेवली पाहिजे. असलेल्या मार्गावर गाड्या किती, त्याची क्षमता किती, माहूरला जाणाऱ्या यात्रेकरूची अडचण नागपूर ते गोवा या अंतराची आहे की माहूरच्या अलीकडच्या शेवटच्या वीस मैलांची आहे? तुळजापूरला पायी जाणाऱ्या भक्ताला द्रुतगती मार्गावर पाऊल ठेवता येणार नाही, त्याच्यासाठी काय? कोणत्याही आराखड्यात ‘नवा रस्ता न करता असलेला सुधारणे’ हा पर्याय पहिल्या पानावर असला पाहिजे. तो नसेल तर बाकीची तुलना ही एकाच वाटेच्या दोन कडांची तुलना ठरते. उलट, रस्ता व्हावा असे म्हणणाऱ्या व्यापाऱ्याचे किंवा दुष्काळी भागातील तरुणाचे म्हणणेही हसण्यावारी नेण्याजोगे नाही. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पुरता खुला झाला, त्याला जालन्याहून नांदेड जोडले जावे अशी येथील इच्छा आहे, आणि ती स्वाभाविक आहे. पण गरज जेवढी खरी, तेवढी तिची तपासणीही खरी हवी.

तपासणी वेळेवर झाली नाही तर काय होते, ते हंपीला दिसले. तुंगभद्रेवर आनेगुंदीला जोडणारा पूल हवा, ही तेथील लोकांची गरज खरी होती. पण तो पूल जागतिक वारशाच्या ऐन मध्यावर घेतला गेला. १९९९ साली हंपीचे नाव धोक्यातील वारशांच्या यादीत गेले, काम अडले, आणि ते नाव २००६ साली त्या यादीतून निघाले. पुढे काम पुन्हा सुरू झाले असता जानेवारी २००९ मध्ये तो पूल कोसळून मजूर दगावले. वारसा दुखावला, लोकांना वर्षानुवर्षे पूल मिळाला नाही, आणि माणसे गेली. जागा आधी विचाराने निवडली असती तर तिन्ही टळते. याउलट पेंचच्या व्याघ्रप्रकल्पाजवळून नागपूरहून शिवनीकडे जाणारा महामार्ग पाहा. वन्यजीवप्रेमींनी तो अडवला तेव्हा विकासाचे शत्रू म्हणून त्यांची संभावना झाली. पण त्या अडवणुकीमुळेच महाराष्ट्रातील भागात रस्ता उंच उचलून खालून प्राण्यांना जाण्यासाठी नऊ ठिकाणी वाटा ठेवण्यात आल्या; वाघांसह अनेक प्राणी त्यांतून ये-जा करताना छायाचित्रांत टिपले गेले. रस्ताही झाला. आपल्या पैनगंगा अभयारण्याच्या बाजूला, किनवट-माहूरच्या जंगलात, पुढेमागे असा प्रश्न येईल तेव्हा हे उदाहरण हाताशी असावे.

आता नागरिकाला यात कुठे हात घालता येतो, ते सांगतो. १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे नव्या मोठ्या महामार्गाला पर्यावरणाची पूर्वपरवानगी लागते. असलेला राष्ट्रीय महामार्ग रुंद करायचा असेल तर मात्र २०१३ पासून १०० किलोमीटरहून लांब आणि जादा जमिनीचा मोठा पट्टा घेणारे कामच या अटीत येते. म्हणून पुष्कळ रस्ते यातून सुटतात आणि तेथे सगळा भार ग्रामसभेवर व वर्तमानपत्रांवर पडतो. परवानगी लागत असेल तर परिणामांचा अहवाल तयार होतो, त्याचा गोषवारा मराठीत उपलब्ध करून द्यावा लागतो, आणि निदान ३० दिवसांची सूचना देऊन जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या प्रतिनिधीच्या अध्यक्षतेखाली जाहीर सुनावणी घ्यावी लागते. तेथे कुणीही बोलू शकतो. बोलले ते कार्यवृत्तात आले पाहिजे, आणि कार्यवृत्त तेथेच वाचून दाखवले पाहिजे. दुर्दैवाने बहुतेक सुनावण्यांत भाषणे जोरदार होतात आणि नोंदी मोघम राहतात. ‘आमच्या भावना दुखावल्या’ या वाक्यापुढे ‘नोंद घेतली’ एवढेच लिहिता येते. गट क्रमांक, बारवेची खोली, वडाच्या बुंध्याचा घेर, मोरीच्या जागी पुराचे पाणी किती हात चढते, असे लिहून दिले तर त्याला उत्तर द्यावे लागते, आणि उत्तर पटले नाही तर तोच कागद हरित न्यायाधिकरणापुढे उपयोगी पडतो.

आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. अशा अहवालांसाठी हवा, पाणी, झाडी यांची मोजमापे बहुधा एकाच ऋतूत, आणि तीही पावसाळा वगळून घेतली जातात. म्हणजे काळ्या मातीच्या मुलखात ओढा कोरडा असताना त्याची रुंदी मोजली जाते, आणि सुनावणीही पुष्कळदा उन्हाळ्यात होते, तेव्हा त्या कोरड्या पात्राकडे बोट दाखवून मोरी लहान ठरवली जाते. यासाठी ज्यांच्या गावाच्या शिवारातून मोजणीच्या खुंट्या जाणार आहेत त्यांनी श्रावण-भाद्रपदातच, मोठ्या पावसाच्या दिवशी, तारीख आणि ठिकाण दिसेल अशी ओढ्याची व तुंबलेल्या शेतांची छायाचित्रे काढून ग्रामपंचायतीत दाखल करावीत आणि पोच घ्यावी.